गेणभाऊंची तहान

गेणभाऊ डेंग्यूनं गेले तेव्हा त्यांचा शेवटचा शब्द "पाणी" होता. निरगुडसरात आमची दोघांची भिंत एकच, त्यामुळे मलाही ऐकू आला. रीतीप्रमाणे, ते गेले त्या कोपऱ्यात सारजाबाईंनी पडदा लावून नवऱ्यासाठी पाण्याचं गाडगं ठेवलं. दहावं झालं की ते उचलायचं असतं. सारजाबाईंनी उचललं नाही.

"भाऊ, अजून पित्यात हे. सकाळी बघावं तर पानी खाली गेलेलं असतं."

"मातीचं गाडगं पाझरतं, वहिनी," मी म्हणालो. पण नव्या विधवेपुढे शास्त्र फार चालत नाही. त्या वरून भर घालत राहिल्या. ओतून टाकायचं नाव नाही. नवऱ्याचं उष्टं कुणी फेकतं का?

मग नात प्रतीक्षा तापली. तोच ताप, डोळ्यांमागचं तेच दुखणं. प्लेटलेट उतरू लागल्या. मुलगा संपत पिसाटला. टायर, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे, कुत्र्याचं भांडं, सगळं पालथं घातलं. आरोग्यसेविका घरभर बॅटरी मारून गेली. पडद्यामागचा कोपरा तेवढा तिला कुणी दाखवला नाही. मयताच्या जागेत परकं माणूस कसं न्यायचं?

भर दुपारी मी पोरीला बघायला गेलो. पडद्यामागून गुणगुण येत होती. गेणभाऊ हयातीत अशीच करायचे, नाकातून, बेसूर.

"ऐकलंत?" सारजाबाई म्हणाल्या. "पोरगी पडल्यापास्नं सारखं चालू हाय. नातीवर लई जीव त्यांचा."

खाटेवरून प्रतीक्षा पुटपुटली, "आजे, आबा चल म्हणत्यात."

संपतनं पडदा ओढला. मी गाडग्यात बॅटरी धरली. पाणी वळवळत होतं. बारीक शेपट्या वर येत, श्वास घेत, खाली जात.

"आये, ओत ते."

"अन् त्ये तहानले म्हंजी?"

"मग पोरीलाच धाड, पानी द्यायला!"

सारजाबाई कोपऱ्यात गेल्या. मग गाडगं उचलून त्यांनी अंगणात, रखरखीत उन्हात पालथं केलं. "रागवायचं तर माझ्यावर रागवा," त्या ओल्या मातीला म्हणाल्या. "पोरीला सोडा."

संपतनं आत कडुनिंबाचा धूर केला. गुणगुण थांबली.

ताप उतरला. पोरगी आता शाळेला दांडी मारते, म्हणजे ठणठणीत आहे.

कोपऱ्यात हल्ली स्टीलचा पेला असतो. रोज घासलेला, पाणी ताजं, वर घट्ट झाकण. तोड माझीच.

काल सकाळी सारजाबाई तो पेला घेऊन आल्या. निम्मा रिकामा.

"तुमी म्हनला व्हता तसंच, भाऊ. ह्ये पन पाझरतंय."

मी हो म्हणालो.