हात लावायचा नाही

लोरिंडाने नातीचा, तान्ह्या कायलीचा, खुबा जागेवर ठेवणारा पट्टा पुन्हा निरखून पाहिला. डॉक्टरांनी पेनाने केलेली खूण बकलापासून सरकली होती, तीही फक्त डाव्या पायाची. कायलीची आई गॅलपला कामावर गेलेली. घरात मोठ्या दोघीच, लोरिंडा आणि तिची पंच्याहत्तरीची आई डेझबा, जिला ती नवाहो भाषेत शिमा, म्हणजे आई, म्हणे. पट्टा काही आपोआप सैल होत नाही.

लोरिंडाच्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी तिचाही खुबा निखळलेला होता, कमरेपासून प्लास्टर घातलं होतं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या हाडाचा गोळा पार झिजला होता. मेंढरांमागे चार पावलं टाकली की जीव जायचा. "प्लास्टर कोणी घरीच काढलं होतं का?" असं डॉक्टरांनी गेल्या महिन्यात विचारलं, आणि तिने मनातल्या मनात आईला फासावर चढवलं. म्हातारीला दवाखान्याचं वावडं, बाळाला पाळण्याच्या फळीवर बांधण्यावर भारी विश्वास. आणखी पुरावा कशाला हवा?

मटण शिजत टाकून ती दाराआड उभी राहिली. पाच मिनिटांत डेझबाची बोटं पट्ट्यावर.

"सापडलीस, शिमा! माझ्या पायाचं वाटोळं केलंस, आता हिच्या?"

"ओरडू नकोस, पोर दचकेल. तुझ्या प्लास्टरला मी बोटसुद्धा लावलं नाही गं."

"खरं सांग."

"डॉक्टर इंग्रजीत लांबलचक बोलला. दुभाष्याने तीनच शब्द सांगितले, हात लावायचा नाही. मला वाटलं, वीज पडलेल्या झाडाला आपण शिवत नाही तसंच असेल, शिवायचं नाही म्हणजे नाही. तीन रात्री तू टाहो फोडलास. मी तुला उचललं नाही, कोणाला विचारलंही नाही. फार घट्ट होतं ते, मला कळत होतं." म्हातारीने बाळाच्या डाव्या पायावरून बोट फिरवलं. "आज कायली डावा पाय झाडत नाहीये. सकाळपासून बघतेय, म्हणून हा पट्टा जरा सैल केला."

"मग मला सांगायचं ना!"

"कशी सांगू? सकाळपासूनच चोरासारखी बघतेयस माझ्याकडे."

लोरिंडाने बाळाच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या. उजवा पाय उडाला. डावा तसाच पडून राहिला. पट्ट्यावर पहारा ठेवण्याच्या नादात तिने पायाकडे पाहिलंच नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने दवाखान्यात फोन लावला.

"आता पट्ट्याचं काही करू नका, लगेच घेऊन या," नर्स म्हणाली. "बरं झालं कळवलंत. कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या आईच्या," लोरिंडा इंग्रजीत म्हणाली. मग डेझबाकडे वळून तेच नवाहोत म्हणाली.