बगळ्याची ढाल

हेमंताची सकाळ. धूसर, दंवभिजली, निःशब्द. आल्डा नदीच्या काठी भूर्जवृक्ष निष्पर्ण उभे, आणि टेकडीच्या माथ्यावर रायहरबर्गचा कृष्णपाषाणी किल्ला. बुरुजावरचं नीलवर्ण निशाण दंवाने जड होऊन लोंबत होतं. निशाणावर एक शुभ्र बगळा होता. वारा नव्हता, म्हणून तोही उडत नव्हता.

तीनशे वर्षांपूर्वी इथे किल्ला नव्हता. महापूर होता, एक होडी होती, एक नावाडी होता. शत्रू पाठीला लागलेल्या एका राजाला त्याने पैलतीरी नेलं. काय देऊ, राजाने विचारलं. टेकडीवरून जेवढी नदी दिसते तेवढ्या काठाची जमीन द्या, नावाडी म्हणाला. भोळा म्हणा, बेरकी म्हणा. टेकडीवरून सारं खोरंच दिसत होतं.

मग नावाड्याचे नातू उमराव झाले. रत्नकंकणी सुना आल्या, रौप्यकवची पुत्र झाले, वल्ह्याने घट्टे पडलेल्या तळहातांवर कस्तुरीचा लेप आला. बगळा ढालीवर चढला. आणि वैभव आलं की जे मागून येतं, तेही आलं. भाऊ भावाला पाण्यात पाहू लागला. शेजारचा ड्यूक एका भावाला घोडे पुरवी, दुसऱ्याला तलवारी, आणि दोघांच्याही दफनाला न चुकता हजर राही.

आजही तो हजर होता. चर्चच्या पहिल्या बाकावर, मांडीवर हातमोजे ठेवून, मांजर दुधाकडे बघतं तसा शांत. समोर उघडी शवपेटी. पेटीत उलरिख, रायहरबर्गचा शेवटचा पुरुष. दाराशी ड्यूकचे आठ भालाईत उभे होते.

त्या मुलखाची रीत अशी. घराण्याचा शेवटचा पुरुष गेला, की त्याची ढाल पेटीपाशी फोडायची. त्याआधी भालदाराने तीनदा विचारायचं, या रक्ताचा कोणी आहे का? तिन्ही वेळा कोणी बोललं नाही, की ढाल फुटते, घराणं संपतं, आणि जमीन ड्यूककडे जाते.

पेटीच्या उशाशी इर्मगार्ड बसली होती. उलरिखची विधवा, तेवीस वर्षांची, कृष्णवसना, शुष्कनयना. तिच्या पोटात तीन महिन्यांचा जीव होता. हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस आता पेटीत होता. भाल्याच्या जखमेने जाता जाता तिचं मनगट धरून तो म्हणाला होता, "घराणं राख." जाणारा सांगून जातो, निस्तरायचं राहणाऱ्याने.

आणि निस्तरणं सोपं नव्हतं, कारण बाप गेलेलं मूल कायद्याने ड्यूकच्या सांभाळात जाई. गेल्या वर्षी उलरिखचे दोन पुतणे असेच सांभाळायला नेले. एक विहिरीत पडला, दुसरा तापाने गेला, असा निरोप आला. दोन्ही पेट्या बंद आल्या, आणि उघडू नका अशी ताकीदही आली.

भालदार बुर्कार्ट पुढे झाला. सत्तरीचा, श्वेतश्मश्रू, वाकलेला. चाळीस वर्षं दर वसंतात ढालीवरचा बगळा तो स्वतःच्या हाताने रंगवत आला होता. आज त्याच हातात हातोडा होता.

"या रक्ताचा कोणी आहे का?"

मेण वितळत होतं. मी गप्प राहिले तर तीनशे वर्षं मरतात, इर्मगार्डला वाटलं. बोलले तर एक पोर मरतं. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, मेलेल्या नवऱ्याचा राग येत होता.

"या रक्ताचा कोणी आहे का?"

घराणं राख. मनगटावर ती थंड बोटं पुन्हा आवळली. आणि काय झालं कोणास ठाऊक, ती उठली. बाक करकरलं. आठ भाले हलले. ड्यूकने मान वळवली.

"बाईसाहेब, काही सांगायचंय?"

सगळं चर्च तिच्या ओठांकडे बघत होतं.

"नाही," ती म्हणाली. "यांना शेवटचं उभं राहून बघावं म्हणते."

तिसऱ्या वेळी बुर्कार्टने तिच्याकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड करून त्याने विचारलं. एक प्रार्थना संपेल इतका वेळ थांबायचं असतं. तो थांबला. तिने ओठ आतून चावला, रक्ताची चव आली, ती तिने गिळली. ती बोलली नाही.

पहिल्या घावाने ढाल फुटली नाही. दुसऱ्याने बगळ्याची मान तुटली. तिसऱ्याने लाकूड उभं दुभंगलं, आणि चाळीस वसंतांचे रंग पापुद्र्यांनी जमिनीवर सांडले. "रायहरबर्ग होतं," बुर्कार्ट म्हणाला. "आता नाही." ड्यूकने हातमोजे चढवले. "तुम्ही माहेरी जायला मोकळ्या आहात, बाईसाहेब," तो फार अदबीने म्हणाला.

नदीपर्यंत सोडायला बुर्कार्टच आला. काठावर त्याने एक लहानशी थैली तिच्या हातात दिली. आत रानटी सफरचंदं होती, हिरवी, आंबट, दात शिवशिवतील अशी. गेले आठ दिवस बागेच्या भिंतीआड ती असली सफरचंदं मीठ लावून खात होती. डोहाळे कुठल्याही देशात लपत नाहीत.

"वाटेत लागतील," तो म्हणाला, आणि डोळे पुसत वळला.

होडीतल्या म्हाताऱ्याने वल्हं पाण्यात घातलं. "कुठल्या तुम्ही?" त्याने सहज विचारलं.

इर्मगार्डने एकदाच मागे पाहिलं. बुरुजावरून निशाण उतरत होतं.

"नावाड्याच्या घरातली," ती म्हणाली.

"मग धरा," म्हाताऱ्याने दुसरं वल्हं पुढे केलं. "धार जोराची आहे." तिने ते धरलं. मऊ तळहातांना लाकूड बोचलं. बोचू दे, ती मनात म्हणाली.

काठच्या लव्हाळ्यात एक बगळा उभा होता, खराखुरा, पायांना चिखल लागलेला, पाण्यात मासा शोधणारा. त्याला कोणी रंगवलं नव्हतं, त्याला कोणी फोडणारही नव्हतं. होडी पुढे गेली. धुकं मागे मिटलं.