तीन पायांवरची राखण

मी कवडी बोलतेय. देवबागच्या वाळूवर सुकत घातलेली मासळी राखणारी कुत्री. मला पाय तीनच आहेत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्हाला जे काही चुकचुकायचं ते एकदाच चुकचुकाल आणि पुढचं नीट ऐकाल.

माझा जन्म एकोणीसशे पंचावन्न सालचा. उपड्या घातलेल्या एका जुन्या होडीखाली आईने आम्हा पाच भावंडांना जन्म दिला. भावंडं कुठे कुठे गेली, मला ठाऊक नाही. मला सुगंधाने उचललं. माझ्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिने माझं नाव कवडी ठेवलं.

सुगंधाचा नवरा आगबोटीवर खलाशी. दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. एरवी घरात ती आणि मी. शेजारी तिचा दीर लवू राहायचा. त्याची होडी होती, जाळं होतं. लवूने मासे आणायचे, सुगंधाने ते खारवून माडाच्या विणलेल्या झापांवर सुकत घालायचे आणि मालवणच्या बाजारात विकायचे, असा त्यांचा उद्योग. त्यात माझं काम राखणीचं.

ते काम सोपं नाही बरं. कावळे कधी एकटे येत नाहीत. एक समोर उड्या मारत राहतो, आपण त्याच्यावर धावून गेलो की दुसरा मागून बांगडा उचलतो. घारींचं निराळंच, त्या आवाज न करता वरून येतात. मी त्यांची सावली ओळखायला शिकले. झापावरून सावली सरकली की मी झेप घेतलीच. पाच वर्षांत माझ्या झापांवरचं फारसं काही कुणी नेलं नाही. सुगंधा बाजारातल्या बायकांना सांगायची, ‘‘माझ्या कवडीक पगार देवक व्हयो.’’

साठ सालच्या पावसाळ्याआधी माझ्या डाव्या पुढच्या पायाला, कोपराच्या जरा खाली, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. माणसं आपल्या जनावराशी दिवसभर बोलतात, पण त्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवणारी थोडीच. सुगंधाने ती गाठ पाहिली तोवर पावसाळा संपत आला होता आणि गाठ पेरूएवढी झाली होती.

तिने हळद लावली. मग कुणी चुना सांगितला, तोही लावला. मग कुणीतरी तापवलेल्या सळीचा डाग द्यायला सांगितलं. त्या दिवशी सुगंधाने माझं डोकं मांडीत धरलं आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. मी खूप ओरडले. गाठीला काही झालं नाही.

दिवाळीनंतर मासळी पुन्हा सुकायला पडली, तेव्हा मी लंगडत होते. माझं लंगडणं माणसांच्या आधी कावळ्यांना कळलं. एके दिवशी माझ्या नाकासमोरून घारीने सुरमईचा तुकडा नेला आणि मी उठेपर्यंत ती माडांच्याही वर गेली होती.

लवूने ते पाहिलं. संध्याकाळी तो अंगणात येऊन म्हणाला, ‘‘वयनी, कुत्र्यांक काय तोटो नाय. उद्या हिका व्हडयेत घालतंय आणि खाडीपलीकडे नेवन सोडतंय.’’

सुगंधाने झापं आवरायला घेतली. तिच्या मनात वेगळंच होतं. त्याच आठवड्यात बाजारात तिला चिंदरचा सत्यवान नावाचा शेतकरी भेटला होता. तो दरवर्षी तिच्याकडून सुकी मासळी न्यायचा. मी तिच्या पायाशी बसले होते. माझी गाठ पाहून तो म्हणाला होता, ‘‘बाये, ही हळदीन जावची नाय. माझ्या बैलाच्या शिंगात कर्करोग झालेलो. ह्युबर्ट डॉक्टरान शिंग मुळापासून काढल्यान. आज बैल नांगराक आसा.’’

‘‘पण कुत्र्याक डॉक्टर बघतलो?’’

‘‘जनावर ता जनावर. इचारून तरी बघ.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू मला न्यायला आला. सुगंधा माझ्या गळ्यात दोरी बांधून तयारच उभी होती. ‘‘व्हडयेत घालूचा आसा तर मालवणाक ने,’’ ती म्हणाली. ‘‘मी पण येतंय.’’ लवूने कपाळाला हात लावला, पण होडी मालवणच्या दिशेने वळवली.

मालवणचा गुरांचा दवाखाना म्हणजे कौलारू लांब पडवी आणि पुढे बैल अडकवायचा लाकडी खोडा. डॉक्टर ह्युबर्ट आल्मेडा मूळचे मालवणचेच. मुंबईला गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण झाल्यावर ते आणखी दोन वर्षं आपल्या एका वृद्ध शिक्षकांजवळ राहिले होते. जनावरांना होणाऱ्या गाठी आणि कर्करोग एवढाच त्या दोघांचा अभ्यास. मुंबईत त्यांना मोठमोठ्या घरची कुत्री-मांजरं मिळाली असती, पण ते गावी आले. इकडे लोक त्यांना ‘गाठींचो डॉक्टर’ म्हणत. कुणी हसून म्हणायचे, कुणी आदराने.

त्यांनी मला जमिनीवरच बसवलं आणि स्वतःही माझ्यासमोर मांडी घालून बसले. आधी गाठीला हातच लावला नाही. कान पाहिले, पोट दाबलं, काखेत बोटं घातली, मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी एक दोरा घेऊन तो गाठीभोवती धरला, मापाएवढा कापला आणि वहीत चिकटवला.

‘‘कधीपासून आसा गो?’’

‘‘पावस सरताना माझ्या नजरेक पडली, तेवा पेरूएवढी होती.’’

तेवढ्यात त्यांना डागाचे वण दिसले. सुगंधाने मान खाली घातली. डॉक्टर रागावले नाहीत. ‘‘डागल्यान गाठ मरणा नाय. कुत्रा मात्र कळवळता,’’ एवढंच म्हणाले आणि माझ्या वणांवरून अंगठा फिरवला.

त्यांनी गाठीतला हरभऱ्याएवढा तुकडा काढून औषधाच्या बाटलीत घातला आणि बोटीने मुंबईला पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो.

‘‘सुगंधाबाय, कर्करोग आसा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘हाडाजवळच्या कूर्चेतलो, मऊ हाडातलो. हळू वाढणारो आसा, ह्या आपला नशीब. नुसती गाठ काढली तर ती परत येतली. खांद्यापासून पाय काढलो तर कुत्री जिती रवतली.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की देव सांगतलो. पण छातीत माका काय वायट ऐकूक येणा नाय. आणि हातातला काम माका येता.’’

दारात उभा असलेला लवू हसला. ‘‘डॉक्टरानु, तीन पायांर कुत्रो चलतलो कसो?’’

डॉक्टरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. ‘‘तू दोनार चलतंस मा रे?’’

सुगंधा खाली बसली, माझा तो पाय तिने हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि म्हणाली, ‘‘काढा.’’

आठवडाभर दवाखान्यात बैलांची गर्दी असायची, म्हणून रविवार ठरला. माझ्या मापाचं टेबल तिथे नव्हतं. डॉक्टरांची बहीण एस्पेरांसा जवळच्या शाळेत शिकवायची. तिने शाळेतले दोन लांब बाक दिले. ड्रेसर गंगारामने ते एकमेकांना बांधले आणि त्यावर धुतलेली चादर अंथरली. डॉक्टर चर्चमधून थेट आले, बाह्या दुमडून कोपरापर्यंत हात घासत राहिले. मी पाहत होते. त्या हातांना जराही कंप नव्हता. जनावराला माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या हातांवरून जास्त कळतं. त्या हातांकडे पाहून मी अंग सैल सोडलं.

सुई टोचली. सुगंधाचा चेहरा लांब लांब गेला.

जागी झाले तेव्हा ऊन पडवीतून पलीकडे गेलं होतं. तोंड कोरडं, आणि डाव्या खांद्याशी काहीच नव्हतं. पाय तिथे आहे असंच मला वाटत होतं. मी तो टेकायला गेले आणि तोंडावर पडले. सुगंधा किंचाळून धावली.

‘‘उचलू नको!’’ डॉक्टर म्हणाले. मग आवाज उतरवून, ‘‘राग मानू नको गो. पण तिचो तोल तिनाच सोधूक व्हयो. तू उचललंस तर ती तुझी वाट बघत रवतली.’’

सुगंधा पदर तोंडात धरून भिंतीशी उभी राहिली. मी दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा उजवा पाय जरा मध्ये आणला, मान खाली घातली, आणि उभी राहिले. चार पावलं टाकून पाण्याच्या बादलीपर्यंत गेले. गंगाराम टाळ्या वाजवायला लागला. डॉक्टर मात्र घड्याळाकडे बघत म्हणाले, ‘‘पाच तासांत उभी रवली. बरा आसा.’’

दहा दिवस आम्ही मालवणात राहिलो. सुगंधा एस्पेरांसाच्या घरी निजायची. खोड्याशी बैल घेऊन आलेली माणसं माझ्याकडे बघायला वाकायची. बैलाचं शिंग कापायचं म्हटलं की मालक बिचकायचे. डॉक्टर वाद घालत नसत, मला हाक मारत. मी तीन पायांवर पडवी ओलांडून यायची आणि मालक बैलाची दोरी गंगारामच्या हातात द्यायचा. असं मी दोनदा तरी पाहिलं.

घरी परतले तेव्हा लवूने राखणीला एक तरुण कुत्रा आणून ठेवला होता. तो कावळ्यांवर छान भुंकायचा आणि मधल्या वेळात स्वतःच बांगडे खायचा. चौथ्या दिवशी त्याची रवानगी झाली.

माझा पहिला दिवसही फार मानाचा नव्हता. घारीवर झेप घेतली आणि वाळूत नाक रुतलं. कावळ्यांनी तीन बांगडे नेले. दुसऱ्या दिवशी मी युक्ती बदलली. कडेला बसायचं सोडून झापांच्या मधोमध बसले. लांब पाठलाग बंद केला. सावली दिसली की जागच्या जागी मागच्या दोन पायांवर उसळायचं, बस्स. शिमग्यापर्यंत घारींनी पुन्हा लवूच्या जाळ्यांकडे मोर्चा वळवला.

एका सकाळी लवू बराच वेळ होडीला टेकून माझं काम बघत उभा होता. मग पुढे आला, कडेची झापं एकेक करून उचलली आणि मला धावावं लागू नये अशी जवळजवळ आणून मांडली. तेव्हापासून झापं तशीच मांडली जातात.

दीड वर्षाने माझ्या जखमेच्या वणावर मुगाएवढी पुटकुळी आली. या वेळी हळद नाही की चुना नाही. सुगंधाने दुसऱ्याच दिवशी पहाटे मला घेऊन वाळूवरून चालत मालवण गाठलं. डॉक्टरांनी पुटकुळी काढली, मुंबईला पाठवली. साधीच निघाली. सुगंधा ओशाळून म्हणाली, ‘‘उगीच घाबरलंय.’’

‘‘उगीच नाय. घाबरूक व्हया,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘फक्त घाबरान घरात बसूक नको.’’

प्रत्येक वेळी असं झालं नाही. तोंडवलीची आनंदी एकदा आपला कुत्रा कडेवर घेऊन आली होती. त्या दिवशी मी पुटकुळीचे टाके दाखवायला दवाखान्यात होते. त्याला धाप लागली होती. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. उशीर का केलास, असं त्यांनी तिला विचारलं नाही. ‘‘हेका आता दुखाचा नाय, तेवढा मी बघतंय,’’ म्हणाले आणि तो शांत होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. पण पुढचा बैल आला तेव्हा हात पुन्हा तसेच स्थिर होते.

चौसष्ट साली डॉक्टर मुंबईला शिकवायला गेले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरला गाठ तपासायची कशी हे त्यांनी शिकवलं, ते माझ्या अंगावर. जाताना त्यांनी माझ्या बरगड्या चाचपल्या आणि म्हणाले, ‘‘जाड झालंस गो.’’ निरोप म्हणाल तर एवढाच.

आणि गेल्या महिन्यात, दोन वर्षांनी, त्यांचं पत्र आलं. सुगंधाला वाचता येत नाही, म्हणून लवूने वाचलं.

‘सुगंधाबाई यांस, सप्रेम नमस्कार. येथे मुलांना शिकवताना मी देवबागच्या एका कुत्रीची हकीकत सांगतो. काल वर्गातल्या एका मुलीने विचारले, सर, पाय काढल्यावर ती किती दिवस जगली? मला उत्तर देता आले नाही. तरी कृपा करून कळवावे. जे असेल ते कळवावे.’

सुगंधा मोठ्याने हसली आणि हसता हसता डोळे पुसले. ‘‘लिही, जिती आसा म्हणान.’’

‘‘तसा नाय चलणा, वयनी. डॉक्टरांक नीट वर्षां सांगूक व्हयी.’’ लवूने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि पोस्टकार्डावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘पाच वर्षे दहा महिने. कुत्री हयात आहे, कामावर आहे.’

आता मी अकरा वर्षांची आहे. उजवा डोळा धूसर झालाय, थंडीत खांदा धरतो, दुपारी डुलकी लागते. शेजारच्या बायका आपली मांजरं, शेळ्या घेऊन सुगंधाकडे येतात. ती त्यांना बोटं कशी फिरवायची ते दाखवते. गळ्याखाली, काखेत, पोटावर, पायांवर. माझं तुम्हाला सांगणं तेच आहे. तुमच्या दाराशी जे कोण बसलं असेल, कुत्रं, मांजर, त्याच्या अंगावरून आठवड्यातून एकदा सावकाश हात फिरवा. काही लागलं तर लपवू नका, डागू नका. जाणत्याकडे न्या. आम्हाला बोलता येत नाही, पण जगायची हौस आम्हालाही तुमच्याइतकीच आहे.

बरं, निघते. आज पेडवे सुकत घातलेत आणि वर घारी दोन आहेत. ते पोस्टकार्ड जाऊनही आता तीन आठवडे झाले. तेवढे त्यात मिळवून घ्या.