तोंड उघडलेल्या तिसऱ्या

तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, शिजवायची चंद्राबाईची एक रीत होती. वाफेवर शिंपल्यांची तोंडं उघडली रे उघडली, की टोप चुलीवरून खाली. जास्त ठेवलं तर मांस चिवट होतं, आणि तिच्या नवऱ्याला, गणूआजाला, दात उरले नव्हते. त्याचं लिव्हर आधीच खराब. त्याच्या अंगात ताकद यावी म्हणून ती या वयातही खाडीच्या चिखलात उतरायची.

परवा त्याला ताप भरला, पाय सुजून काळे पडले. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलाय, बहुतेक खाडीच्या मासळीतून.

चंद्राबाईला ते पटेना. त्याच खेपेच्या, बादलीतल्या मूठभर कच्च्या तिसऱ्या तिनं नातीच्या डब्यात घातल्या. रुतिका तुर्भ्याच्या लॅबमध्ये मासळी तपासायची.

"ने तुज्या चिपवर घालायला. खाडीवर उगा आळ नको."

"आणि निघालं काही तर?"

"काय निघनार? जल्मभर खातो आमी."

चिप म्हणजे काय, ते रुतिकानं तिला मागेच समजावलं होतं. नखाएवढी काच, तिच्यावर बारीक ठिपके. एकेका ठिपक्यात एकेका जंतूच्या जनुकाचा तुकडा चिकटवलेला. मासळीत तोच जंतू असला, की त्याचं जनुक तिथं जाऊन जुळतं आणि ठिपका उजळतो. नसला तर ठिपका काळाच.

त्या दिवशी एक उजळला. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव त्याच ठिपक्याचं होतं. रुतिकानं तपासणी पुन्हा केली. पुन्हा तोच.

ती घरी पोचली तेव्हा ओटीवर बायका जमल्या होत्या. गणूआजा गेला होता. हॉस्पिटलातून त्याला आणायला माणसं निघाली होती.

"काय निघला?" चंद्राबाईनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पण आजीसमोर तिला ते कधी जमलं नव्हतं.

"तोच जंतू, आजी."

"अजून थोडा येळ शिजवल्या असत्या तर?"

"जंतू मेला असता."

चंद्राबाई उठली. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. तिनं मागल्या दारची चूल पेटवली आणि बादलीतल्या उरलेल्या तिसऱ्या टोपात ओतल्या.

"चंद्रे, आज नाय गो पेटवायची," शेजारची सुमित्राबाई म्हणाली.

ती ऐकत नव्हती. तोंडं उघडली. पाणी आटलं. शिंपल्या तडतडू लागल्या, करपल्याचा वास ओटीपर्यंत गेला. रुतिकानं टोप उतरवायला हात पुढे केला.

"राहू दे," चंद्राबाई म्हणाली. "अजून शिजल्या नाय."