कोरडा डायपर, ओली चादर

मित्रांनो, मी एक जुना बूस्टर पॅड आहे. मोठ्या माणसांच्या डायपरच्या आत ठेवतात ना, तो लांबट, मऊ, जादा पॅड. हसू नका. आमच्यातले बहुतेक जण घरी आले की लगेच कामाला लागतात आणि संपतात. मी पाकिटात सहा महिने पडून राहिलो, म्हणून स्वतःला जुना म्हणवून घेतो.

कारखान्यात मऊ लगदा आणि पाणी पिणारे दाणे भरून मला बंद केलं. खाली प्लास्टिक मात्र लावलं नाही. आपलं पोट भरलं की उरलेलं खालच्या डायपरला द्यायचं, ही आमची रीतच आहे.

आम्ही आलो ते पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या घरी. तलावाच्या पायऱ्यांवर भोकाड पसरणारी कितीतरी पोरं त्यांनी पाण्यात उतरवली होती. आता मास्तरांना स्वतःची लघवी आवरत नव्हती.

मास्तरांच्या मुलाने आल्या आल्या पाकिटातल्या माझ्या एका भावाला नळाखाली धरलं. खालून पाणी ठिबकलं. "हे बघ, आरपार गळतंय. चक्क टोपी घातली आपल्याला," तो बायकोला म्हणाला. मी सर्दच झालो. जो आमचा गुण, तीच खोट ठरली. पॅडमधून डायपरमध्ये उतरणाऱ्या थेंबांचं पाकिटावरचं चित्रसुद्धा कोणी पाहिलं नाही. आमची रवानगी झाली खिडकीतल्या कुंडीशेजारी आणि डायपरमध्ये आले दुसरे, खाली प्लास्टिक असलेले पॅड. ते भरले की ओघळ बाजूने बाहेर. चादर रोज ओली.

एका सकाळी चादर काढताना मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, पाणी जरा बेतानं पीत जा."

त्या दिवसापासून सून पेला ठेवून गेली, की मास्तर तो हळूच कुंडीत ओतायचे. आधी वाटलं, झाडाची हौस असेल. मग दुसरा पेलाही तिथेच गेला आणि माझं डोकंच चालेना. जन्मभर लोकांची पाण्याची भीती घालवणारा माणूस एका पेल्याला भीत होता! घरचे मात्र खूश, चादर कोरडी राहू लागली म्हणून. झाड तरारलं आणि मास्तरांचे ओठ फुटले. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण पॅडला कुठलं तोंड?

मग ते बरळायला लागले. "काठ धरा रे, काठ धरा." दवाखान्यात, असं मी नंतर ऐकलं, डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि सलाईन लावलं. "अंगात पाणीच नाही यांच्या. पीत नाहीत का?"

"मी स्वतः भरून देते हो," सून म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर मास्तर मुलाला म्हणाले, "तुला रोज चादर धुवावी लागते रे. म्हणून कुंडीत ओतत होतो."

घरी आल्यावर चादर पुन्हा भिजली. या वेळी सुनेने नीट पाहिलं. "अहो, चादर ओली आणि डायपर कोरडा. या पॅडखालच्या प्लास्टिकमुळे डायपरपर्यंत काही पोचतच नाही." तिने आमचं पाकीट काढलं आणि वरचं चित्र पाहिलं.

आज माझी पाळी आली. मुलाने पेला पुढे केला. मास्तरांनी आधी चादरीकडे पाहिलं. "नको, तहान नाही."

"चादर गेली खड्ड्यात, बाबा. प्या तुम्ही."

ते प्यायले. पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. मी पोटभर घेतलं, उरलेलं डायपरला दिलं.

आता मी कागदात गुंडाळलेला, कचऱ्याच्या पिशवीत आहे. माझी काळजी करू नका, माझं काम झालं. पण मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस "तहान नाही" म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. आदल्या दिवशी आपण त्यांना काय बोललो होतो, ते आधी आठवा.