आठ घड्यांची चिठ्ठी

"हे अक्षर कुणाचं?"

मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तशी साहेबांनी ती चिठ्ठी दोन बोटांच्या चिमटीत धरली होती. आम्ही अठ्ठेचाळीस जण जेवणाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे. डबे उघडे, हात उष्टे आणि तोंडं बंद. त्या खोलीत पंख्याला आवाज आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अक्षर कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. घडीबाईंचं.

आमचा कारखाना गोळ्यांचा. प्रत्येक खोक्यात गोळ्यांची बाटली आणि सोबत एक माहितीचा कागद जातो: किती घ्यायच्या, कधी घ्यायच्या, जेवणाआधी की नंतर. तो हातभर कागद आठ घड्या घालून बोटाएवढा करायचा, हे घडीबाईंचं काम. मध्ये एक यंत्र आणलं होतं. ते सहाव्या घडीला कागद चावायचं. बाई सव्वीस वर्षांत कुणाला चावल्या नाहीत. चावणं सोडाच, बोलल्याही नाहीत. बोलायला गेल्या की पहिलंच अक्षर ओठांवर अडकायचं. "पा... पा..." होईतो समोरचा पाण्याचा पेला पुढे करायचा. मग त्यांना पाणी हवं असो नसो, बाई बिचाऱ्या पिऊन टाकायच्या. वाक्याच्या शेवटापर्यंत त्यांना कुणी कधी पोचूच दिलं नाही.

म्हणून त्या लिहायच्या. छपाईत बिघडलेले कागद रद्दीत जात, पाठीमागून कोरे. त्यातला एक उचलायचा, मधोमध एक ओळ लिहायची, कडेने नुसत्या नखाने दाबून पानांची वेल काढायची, आणि हाताच्या सवयीने आठ घड्या घालून खुंटीवरच्या कुणाच्या तरी एप्रनच्या खिशात सोडायची. झाकणं लावणाऱ्या खोकलेवाल्या वहिनींना: "तुमचे हात चालताना बघत बसावंसं वाटतं." ड्रायव्हरला: "आरशात न बघता गाडी मागे घेता. मी रोज खिडकीतून बघते." मुकादमाला सुद्धा: "आज तुम्ही ओरडला नाहीत. सगळ्यांना जेवण गोड लागलं." त्या दिवसानंतर मुकादम चक्क चार दिवस ओरडला नाही. पाचव्या दिवशी ओरडला, पण आधी खाकरून.

मी वजनकाट्यावर. बंद व्हायच्या आधी प्रत्येक खोकं माझ्या काट्यावरून जायचं. हलकं भरलं तर आत कागद घालायचा राहिलाय असं समजायचं, शेजारच्या ट्रेमधला एक आत टाकायचा आणि पुढे ढकलायचं. बाकी वेळ मी थापा मारायचो. या काट्यावर मी शिंक तोलून दाखवली आहे, पाऊण ग्रॅम भरली. माणूस खोटं बोलला तर याची सुई थरथरते. लोक म्हणायचे, "थापाड्या, मग तुझ्या काट्याची सुई जागेवर कधी असते?" हसायचे. घडीबाई स्टुलावरून तोंडाला पदर लावून हसायच्या.

एका सकाळी माझ्याही खिशात चिठ्ठी निघाली. "तुम्ही आहात म्हणून दिवस निभावतो." मी ती तीनदा वाचली. बायको गेल्यापासून मला असं कुणी काही म्हटलं नव्हतं. डोळे पुसायला हात मोकळा हवा, म्हणून चिठ्ठीची घडी घालून ती बाजूला ठेवली.

बाजूला म्हणजे ट्रेमध्ये.

संध्याकाळी खिसा चाचपला, तर रिकामा. तोच कागद, त्याच आठ घड्या, वजन तंतोतंत तेवढंच. शाई काट्याला कळत नाही. एखाद्या हलक्या खोक्यात मीच ती माझ्या हाताने टाकली होती. मी कुणाला काही बोललो नाही. म्हटलं, जाईल कुठेतरी.

गेली ती एका एक्क्याऐंशी वर्षांच्या आजोबांकडे. साहेबांनी त्यांचं पत्र आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. "घरात मी आणि घड्याळ दोघेच असतो. माझ्यावाचून कुणाचा दिवस अडतो हे मला माहीत नव्हतं. ज्यांनी लिहिलं त्यांना माझे आभार कळवावेत. ओळख पटावी म्हणून चिठ्ठी सोबत पाठवत आहे. कृपया परत करावी."

"आभार मानतायत!" साहेबांनी चिठ्ठी टेबलावर टाकली. "त्या खोक्यात किती गोळ्या घ्यायच्या तो कागदच नव्हता. दुप्पट घेतल्या असत्या तर? पुन्हा विचारतो. कुणाचं अक्षर? आणि आणखी कुणाकुणाकडे असल्या चिठ्ठ्या आहेत?"

आदल्या दिवशीच मुकादम सांगून गेला होता की, कंपनीचा कागद ज्याच्याकडे सापडेल तोही घरी जाईल. खोकलेवाल्या वहिनींनी खोकला दाबून धरला. ड्रायव्हर स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

घडीबाई एक पाऊल पुढे आल्या. "मी... मी... मी..."

"कळलं," साहेब म्हणाले. "कुणासाठी लिहिली होती? खोक्यात कुणी टाकली?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा, तेही वाट बघत असल्यासारखं नाही. मग मान हलवली. कुणी नाही.

माझी जीभ दिवसभर विनाकारण चालते. त्या खोलीत तिला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि तेही खरं. ती हलली नाही. तोंडात दगड ठेवल्यासारखी पडून राहिली.

साहेबांनी कामावरून काढल्याचं पत्र तिथेच दिलं. बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि वाचता वाचता हातांनी आपलं काम केलं: एक, दोन, तीन... आठ. बोटाएवढं करून पर्समध्ये टाकलं, एप्रन काढून खुंटीला लावला आणि डबा न संपवता गेल्या.

दुपारी कारखान्यातली दोन्ही संडासं तुंबली. नळवाल्याने तारेने ओढून काढला तो कागदाचा भला मोठा लगदा. शाई विरघळून निळं पाणी झालेलं. "कुणी पत्रव्यवहार बुडवला रे?" त्याने विचारलं. कुणी हसलं नाही.

आठवड्याने मला राहवलं नाही. जेवणाच्या खोलीत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी माझी होती, खोक्यात मी टाकली. मग ड्रायव्हर म्हणाला, "आणि ती शिंकसुद्धा त्याच खोक्यात होती का, काका?" खोली हसून हसून लोळली. आठवडाभर कुणी हसलेलं नव्हतं, त्यांना निमित्त हवंच होतं. मी साहेबांकडेही गेलो. ते म्हणाले, "बाईंची दया येते ना? मलाही येते. जा, कामाला लागा."

मग रविवारी बाईंच्या घरी गेलो. तिसरा मजला, एकच खोली. मोठा भाऊ खिडकीशी खुर्चीत. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची वाचा गेलेली. बाई त्यांना चमच्याने भरवत होत्या. बाईंनी मला बसायला स्टूल दिलं. टेबल डुगडुगू नये म्हणून त्याच्या एका पायाखाली कागदाची घट्ट घडी सारलेली होती. बोटाएवढी. वरच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का दिसत होता.

जिना चढताना मी वाक्य घोकलं होतं. "बाई, ते मी केलं." तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं?

"बाई, तुम्ही गेल्यापासून गोळ्या संपावर आहेत! परवा साहेब स्वतः तुमच्या स्टुलावर बसले. सातव्या घडीपर्यंत गेले, आठवीला कागद असा फाडकन उघडला की साहेब छत्रीसारखे वर! मुकादम पाय धरून लोंबकळतोय खाली!"

बाई पदर लावून हसल्या. भाऊसुद्धा अर्ध्या ओठाने हसले. हसता हसता बाईंचा हात कमरेकडे गेला, जिथे एप्रनचा खिसा असायचा. तिथे चाचपडला. मग टेबलावर फिरला. त्या घरात लिहायला कागदाचा कपटा नव्हता.

मी उठलो. बाई दारापर्यंत आल्या. माझी बाही धरली, मान वर केली आणि सगळा श्वास एकवटून म्हणाल्या,

"तु... तु..."

पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"येतो बाई," मी घाईघाईने म्हणालो आणि बाही सोडवून जिना उतरायला लागलो. पहिल्या मजल्यावर आलो तरी वरून ऐकू येतच होतं.

"तु... तु... तु..."