नारळ फुटतानाचा फोटो

कॅमेराच सगळं करतो, आपण फक्त बटण दाबायचं, असं म्हणणारं गिऱ्हाईक दुकानात आलं की माझं डोकं सटकतं. मालवणच्या बाजारात माझा स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला. साखरपुडे, बारशी, पासपोर्ट फोटो, सगळं मी एकटी बघते. माझ्या तोंडाला लोक बिचकतात. बिचकेनात का! फोटो चांगला येतो म्हणून फिरून माझ्याकडेच येतात.

२००८ च्या श्रावणात एका दुपारी सारिका आली. आमच्याच वाडीतल्या विठोबादादांची सून, माहेर आरोंद्याचं. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि नवरा सर्वेश मालवाहू जहाजावर, समुद्रात कुठेतरी. पिशवीतून तिने एक झगझगीत कॅमेरा काढून टेबलावर ठेवला.

"सुशीलाकाकी, ह्यो बिघडलोसा. सिंगापुरात घेतल्यानी तेंनी. म्हणाले, हात हललो तरी ह्येच्यात फोटो हलाचो नाय. आणि माझे सगळे हलतत."

मी फोटो बघितले. अंगण स्वच्छ, तुळस स्वच्छ, दोरीवरचं लुगडं स्वच्छ. मध्ये विठोबादादा, आणि त्यांच्या कोपरापासून पुढे हाताच्या जागी नुसता धूर.

"दादा काय करीत होते गो?"

"नारळ मारूची सवय करी होते," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला.

तेव्हा मला उलगडा झाला. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. समुद्राला नारळ दिला की आमच्या बाजारात नारळ लढवतात. एकाने आपला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्याच्यावर हाणायचा, मग उलट. ज्याचा फुटला तो हरला, फुटका नारळ जिंकणाऱ्याचा. विठोबादादा ह्यातले खरे बहाद्दर. पण मनगट दुखायला लागलं होतं, आणि हे शेवटचं वर्ष, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सर्वेशने फोनवर बायकोकडे एकच मागणं केलं होतं: बाबांनी नारळ फोडला त्या घडीचा फोटो पाठव. कितीतरी वर्षं त्याला श्रावणात घरी यायला मिळालं नव्हतं.

"आणि फोटो नाय इलो तर पुढच्या वर्षी काढूक गावाचो नाय," सारिका म्हणाली. मग खाली मान घालून पुढे, "बाबा माझ्याशी बोलणतच नाय. कॅमेरो काढलंय की तोंड फिरवतत. निदान एक काम तरी माझ्या हातसून धड होऊंदे."

मला रागही आला आणि कीवही आली. राग सर्वेशचा. एवढा महागाचा कॅमेरा धाडला, पण तो चालवायचा कसा ते सांगायला नको?

"कॅमेरो बिघडाक नाय," मी म्हटलं. "ह्या स्टॅबिलायझेशन काय करता? तुझो हात थरथरता तो सांभाळता. सासऱ्याचो हात कोण सांभाळतलो? तू स्थिर, अंगण स्थिर, म्हणान ता स्वच्छ इला. दादा हलले, ते धूर झाले."

तिला पटलं, पण कळलं नाही. मग मी तिला सावकाश समजावलं. शटर म्हणजे घराचं दार समज. दार जेवढा वेळ उघडं, तेवढ्या वेळात समोरून जे जे गेलं ते सगळं आत शिरलं. दादांचा हात वरून खाली येईस्तोवर तुझं दार सताड उघडं, म्हणून वरचा हात, मधला हात, खालचा हात, सगळे एकावर एक बसले. दार उघडल्या उघडल्या लावलंस तर एकच हात सापडेल. ऑटोवर ठेवलंस की दार किती वेळ उघडायचं ते कॅमेरा ठरवतो. आभाळ भरलेलं दिसलं की तो उजेडासाठी दार जास्त वेळ उघडं ठेवतो. तुला नारळ बघायचाय हे त्या मेल्याला काय ठाऊक?

मी वरची चकती फिरवून 'एस'वर आणली. इथे शटर तू सांगायचं, बाकीचं तो सांभाळेल. हजारावर ठेव, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तिने लगेच समोरच्या भिंतीचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आकडा लाल झाला आणि फोटो काळाकुट्ट आला.

"बघ, परत बिघडलो!"

"गप गो! दार पटकन लावलंस तर उजेड कमीच येतलो. आयएसओ चढव, म्हणजे थोड्या उजेडातय काम भागतला. दाणे दिसतत फोटोत, दिसूंदेत. धुरापेक्षा दाणे बरे."

दुसऱ्या दिवशी मी तिला मासळीबाजारात नेलं. तिथे धोंडू बर्फाच्या लाद्या फोडतो. लोखंडी टोच्या वर जातो, खाली येतो, ठिकऱ्या उडतात. नारळाच्या घावाची तालीम करायला ह्याहून चांगलं काय मिळणार? पण धोंडूला कॅमेरा दिसला मात्र, टोच्या डोक्यावर धरून तो पुतळ्यासारखा उभा राहिला आणि दात काढून हसायला लागला.

"अरे मेल्या, फोड मा!" मी ओरडले.

"फोटो हललो तर?" तो म्हणाला. कोळणी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. सारिकाही हसली. ही पोरगी एवढी मोकळी हसते हे मला तेव्हाच कळलं.

मग दुसरी अडचण निघाली. ठिकऱ्या उडाल्या की ती बटण दाबायची, आणि फोटोत नुसता फुटलेला बर्फ. आवाज ऐकून दाबशील तर उशीरच होणार, मी सांगितलं. बटण अर्धं दाबून ठेव, नजर हातावर ठेव, हात खाली यायला लागला की पुरं दाब. ती रोज यायला लागली. पाऊस आला की कॅमेरा पदराखाली, पाऊस गेला की पुन्हा उभी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एक फोटो साधला. बर्फाची चीर उघडलेली, बारीक कण हवेत, धोंडूचा हात बोटांसकट स्पष्ट. तिने मला बाजारातच मिठी मारली, अंगाला मासळीचा वास लागलेला असताना.

पौर्णिमेला चार वाजता बाजार माणसांनी फुलला. मी सारिकाला दादांच्या उजव्या हाताला, पायरीवर उभं केलं. चकती बघितली, आकडा बघितला, पट्टा मानेत अडकवायला लावला. बाकी तिचं तिने करायचं होतं.

दादांनी एकामागून एक चौघांचे नारळ फोडले. प्रत्येक वेळी कुणाचं तरी डोकं मधे आलं. सारिकाला रडू फुटायचं बाकी होतं. शेवटी समोर आला सुदेश, पाणीवाल्या महादूचा धाकटा, खांदे बैलाचे. पहिला घाव दादांचा, सुदेशचा नारळ शाबूत. आता दादांनी नारळ धरला, सुदेशने हात उचलला, आणि मी डोळे मिटले. फट्ट! डोळे उघडले तर दादांच्या हातात करवंटीचे दोन तुकडे आणि कोपरापर्यंत पाणी. सुदेशला पोरांनी खांद्यावर घेतलं. "दादानू, म्हातारपण इला!" कुणीतरी ओरडलं. आता वर्षभर बाजारात हेच ऐकायचं त्यांच्या नशिबी आलं.

स्टुडिओत येऊन मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. सारिका खुर्चीच्या कडेवर बसली होती. दादा तिला घरी न्यायला आले, ते बाहेर दारातच उभे राहिले.

फोटो उघडला आणि मी तोंडावर हात ठेवला. एवढी वर्षं ह्या धंद्यात आहे, पण असा फोटो माझ्या हातून आला नाही. नारळ उभा दुभंगलेला, करवंटीचा कपचा हवेत, पाण्याचा थेंबन् थेंब वेगळा, शेंडीचा केस नि केस मोजून घ्यावा. पण सारिका रडत होती.

"माका जिंकतानाचो व्हयो होतो काकी. ह्यो हरल्याचो. आता तेंका काय धाडू?"

मी चेहरा बघावा म्हणून फोटो मोठा केला. नारळ धरणाऱ्याने समोरच्याच्या मनगटावरून नजर काढायची नसते. घाव कुठून येतो ते बघून शेवटच्या क्षणी नारळाची टणक बाजू पुढे करायची, सगळी कला तेवढीच. सुदेश नारळाकडे बघत होता. मागची सगळी गर्दी नारळाकडे बघत होती. विठोबादादा सरळ कॅमेऱ्याकडे बघत होते.

"दादानू," मी हाक मारली, "तुमची नजर खंय होती?"

"खंय म्हणजे?" ते दारातूनच खेकसले. "त्या सुदेशाची पाठ मधी येय होती. तिका नारळ दिसाक नको? म्हणान वायंच हात फिरवलंय, आणि दिसता काय ता बघलंय."

"आणि म्हणान फुटलो!"

"फुटलो तर फुटलो. आठ दिस चेडू त्या बर्फापुढे पावसात भिजी होता. माका काय दिसणा नाय?"

सारिका उठून उभी राहिली. "बाबा, तुम्ही माझ्यामुळे हरलात," ती म्हणाली.

दादा आत आले. पडद्याजवळ वाकून त्यांनी फोटो बराच वेळ बघितला, पाण्याच्या थेंबांवरून बोट फिरवलं.

"मी हरलंय," ते म्हणाले. "तू खंय हरलंस गो? ह्योच धाड सर्वेशाक."

सारिका रडतारडता हसायला लागली. मी मोठ्या आकाराचा कागद काढला आणि दादांच्या घरासाठी एक प्रत छापायला लावली.